शालनताईंचं लग्न आणि तळघरातला सर्व्हर

शालन केदारी, राहणार कुरवंडे, तालुका मावळ. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. आठवीत शाळा सुटलेल्या, किनवटकडच्या एका खेड्यातून इथं परक्या मुलखात कपडे धुवायला आलेल्या बाईला की-बोर्डसमोर कुणी बसवलं असं कुणी विचारलं, तर उत्तरात हे एकच नाव आहे. दुसरं असतं तर तेही लिहिलं असतं.

कुसगावातल्या ज्या रिसॉर्टमध्ये मी काम करते, त्याचं नाव सांगत नाही. वर काचेच्या खोल्या, तरणतलाव, धुकं बघायला आलेली माणसं. खाली तळघर. तळघरात लाँड्री, बॉयलर आणि कोपऱ्यात एक छोटी खोली. लाँड्रीला खिडकी नाही, त्या खोलीलाही नाही. वर पाऊस किती झाला ते आम्हाला खाली येणाऱ्या टॉवेलांवरून कळायचं. राहायला मागच्या क्वार्टर्स. सीझनला सुट्टी नाही आणि लोणावळ्याला सीझन कधी संपतो ते मला अजून समजलेलं नाही. गेटबाहेर जायचं तर सुपरवायझरची परवानगी, आणि बाहेर जाऊन तरी करायचं काय? ओळखीचं कुणी नाही, घर रात्रभराच्या गाडीवर. मी मुळात भित्री. मशीनचा आवाज बदलला तरी मी हातातलं टाकून दाराकडं बघायचे. आपल्यालाच विचारतील, आपल्यालाच काढतील, मग आईला काय सांगू, असं कायम.

त्या कोपऱ्यातल्या खोलीत सर्व्हर होता. रिसॉर्टची सगळी बुकिंगं, खोल्या, बिलं, पाहुण्यांनी मागवलेलं जेवण, सगळं त्या एका डब्यात. आणि त्या डब्याची देखभाल करायला शालनताई. वय सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, उंच, केसांचा मागं आवळून बांधलेला अंबाडा, अंगावर कायम स्वेटर, कारण सर्व्हरसाठी एसी चालू. लाँड्रीत आम्ही घामानं भिजलेल्या आणि भिंतीपलीकडं त्या थंडीनं आखडलेल्या. बी.एस्सी. करून पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत बरीच वर्षं काढलेली बाई. मीटिंगला वर गेल्या की अगदी पुण्याची भाषा बोलायच्या आणि खाली आल्या की जिन्यातच ती उतरवून ठेवायच्या.

त्या खोलीत झाडू मारायला कुणी तयार नसे. चुकून वायरला धक्का लागला तर? मलाही भीती वाटायची, पण नाही म्हणायची त्याहून जास्त वाटायची. म्हणून मी जायची. श्वास रोखून, वायरींपासून हातभर लांबून झाडायची. एक दिवस त्या खुर्ची वळवून बघत बसल्या.

"काय गं, फरशीवर साप हाय का?"

"नाही ताई."

"मग अशी काय झाडतीस? नाव काय? कुठली?"

मी अनुसया म्हणाले आणि किनवट म्हणाले. त्यांनी पहिलं टाकून दिलं आणि दुसरं घेतलं. त्या दिवसापासून मी किनवट. "ए किनवट, हितं ये." "किनवट, च्या आण आन दोन आण, एक तुला." मी घाबरून "कामून?" म्हणाले की त्या हसत. कामून, म्हणजे का, हा आमच्याकडचा शब्द त्यांना भारी आवडायचा. पुढं त्या सर्व्हरलाच म्हणायला लागल्या, "कामून रं, कामून आडलास?"

त्यांच्या पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. रिसेप्शनच्या कंप्युटरवर बटणं होती, रंग होते, माऊस होता. मी भीत भीत विचारलं, तुमच्याकडं तसं का नाही?

"माऊस म्हंजी नुसतं बोट दाखवणं," त्या म्हणाल्या. "हे दे, ते दे, लहान पोरावानी. हितं आपण बोलतो. बोललेलं परत घेता येत न्हाई, म्हणून माणूस इचार करून बोलतं."

आणि त्या बोलायच्याही. तोंडानं. हीच त्यांची सगळ्यात विचित्र सवय. काहीही मोठं करायचं असलं, पुसायचं, बदलायचं, बंद करायचं, की त्या दोन्ही हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवत आणि पडद्याला मोठ्यानं विचारत, "कुटं हाय गं?" मग एक छोटी आज्ञा टाइप करत. पिंग. सर्व्हर एका ओळीत इंग्रजीत उत्तर द्यायचा, की मी जिवंत आहे. मग दुसरी आज्ञा, तू कोण, तुझं नाव काय. तो नाव सांगायचा. ते नाव त्या मोठ्यानं वाचत. मगच हात परत जागेवर.

कारण काळे पडदे दोन होते. एक खऱ्या सर्व्हरचा आणि एक सरावाचा. दोन्ही दिसायला एकसारखे, जुळ्यांसारखे. पुण्यातल्या कंपनीत त्यांच्या शेजारी बसणाऱ्या एका मुलानं सरावाचा समजून खराच साफ केला होता. "हुशार व्हता," त्या सांगत, "लय हुशार. त्यानं इचारलंच न्हाई, त्याला ठाव व्हतं ना!"

'कुटं हाय गं' ही हाक त्यांच्या गावची. कुरवंड्याला पावसाळ्यात धुकं असं बसतं की पुढं चाललेली म्हैस दिसत नाही. दरीच्या अंगाला गुरं घेऊन जाणाऱ्या बाया प्रत्येक वळणाआधी थांबतात, हाक देतात आणि पुढच्या बाईचा आवाज आल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. ताईंची आई असंच करायची. पुढची बाई चिडून म्हणायची, अगं कालच्याच वाटंनं चाललोय की! आई म्हणायची, काल धुकं येगळं व्हतं.

मला त्यांनी शिकवायला कधी घेतलं ते नीट सांगता येत नाही. झाडू मारताना पडद्यावरचं वाच म्हणाल्या. आठवीपर्यंतच्या इंग्रजीवर मी अक्षर अक्षर लावून वाचलं. मग वाचताना काय बदललं ते सांग म्हणाल्या. मग एक दिवस म्हणाल्या, बस. मी म्हणाले, ताई, काही बिघडलं तर? त्या म्हणाल्या, "म्हणून तर बस म्हणतेय. ह्या कामाला भित्रं माणूस लागतं. धाडसी माणसांनी लय डेटाबेस बुडवलेत."

आयुष्यात माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. आई म्हणायची, ही पोरगी सावलीला भिते. इथं एक बाई म्हणत होती, भी, आणखी भी, पण भीत भीत एंटर मार.

शिकवण्यात माया वगैरे नव्हती. चुकलं की बोटावर पट्टी नाही पण जिभेचा पट्टा. लिहून घ्यायला मनाई. "लिवलंस तर कागदाकडं बघशील. पडद्याकडं बघ." दोन वेळा तेच विचारलं तर म्हणत, "किनवटला एकदा सांगितलेलं दोनदा ऐकू येतं का?" मी लाँड्रीत जाऊन रडायचे. लाँड्रीतल्या शकू मावशी टॉवेल पुढं करायच्या, "घे, हा तसा बी धुवायचाच हाय."

एका शनिवारची गोष्ट सांगते, म्हणजे त्या कशा होत्या ते कळेल. दुपारी चेक-इनची वेळ. रिसेप्शनवर ओल्या बॅगा घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं उभी. आणि सगळे कंप्युटर थिजले. कुठलीच खोली कुणाच्या नावावर पडेना. इंटरकॉमवर रिसेप्शनची मुलगी रडकुंडीला आलेली. मी झाडू धरून उभीच राहिले. शालनताईंनी चहाचा घोट संपवला, मग आज्ञा दिली. पडद्यावर यादी आली. कोण कोण सर्व्हरला जोडलेलं आहे, कुठून, किती वेळ, काय करतंय. जवळजवळ प्रत्येकापुढं एकच शब्द, वाट बघतोय, वाट बघतोय, वाट बघतोय.

"आता बघ," त्या म्हणाल्या, "खंडाळ्याच्या वळणावर येकजण गाडी आडवी लावून भजी खायला गेलाय. मागं सगळी रांग. रांगेतल्याला शिव्या देऊन उपेग न्हाई. भजीवाला शोधायचा. सगळे वाट बघतात, त्यात झोपलाय कोण?"

मी बोट खाली नेत नेत गेले. एकापुढं खरंच 'झोपलेला' असं लिहिलेलं होतं. आडवी गाडी मालकीणबाईंच्या लॅपटॉपची. बाई खोल्यांचे दर बदलायला बसल्या होत्या, अर्धं बदलून तसंच उघडं टाकून उठल्या होत्या. ताईंनी इंटरकॉम उचलला आणि एकदम पुण्याच्या झाल्या.

"मॅडम, आपण दर बदलत होतात का?"

पलीकडून आवाज आला, "हो, आता जेवायला बसलेय. जेवून करते."

"नाही नाही, सावकाश जेवा." फोन ठेवला, हात मांडीवर घेतले, कुटं हाय गं विचारलं, उत्तर वाचलं, आणि किल लिहून पुढं मालकीणबाईंचा यादीतला नंबर घातला. एंटर. यादीतले वाट बघणारे एकेक करून सुटले. वर रिसेप्शनवर हायसं झालेलं खाली ऐकू आलं. मालकीणबाईंना शेवटपर्यंत वाटत होतं की लाइट गेली होती.

मी म्हणाले, "ताई, त्यांचं काम मारलं तुम्ही!"

"आर्धवट काम व्हतं. परत करतील. पोळी गरम हाय त्यांची, हितं पोरं ओली उभी हाईत."

असा एक दिवस नव्हता की त्यांचा फोन वाजला नाही. त्या जेवत असताना, देवळात असताना, एकदा गावच्या मयतीला स्मशानात उभ्या असतानाही. सगळी माहिती त्यांच्या डोक्यात आणि बोटांत. दोनदा त्यांनी राजीनामा दिला होता. दोन्ही वेळा मॅनेजर बर्वे साहेबांनी गोड बोलून परत घ्यायला लावला. नुसत्या गोड बोलण्याला ताई बधल्या नसत्या. पण कुरवंड्याच्या कितीतरी बाया वरच्या खोल्या झाडतात, भाचा किचनमध्ये आहे, दूध गावातून येतं. "मी गेले आन मागं ह्यो डबा बसला, तर पयली काठी त्यांच्यावर पडंल," ताई म्हणत. मग स्वेटर घालून परत त्या खोलीत.

ताईंच्या हाताखाली इंजिनियर मुलं यायची, नाही असं नाही. चांगली होती, शिकायची, आणि पावसाळा संपायच्या आत हिंजवडीला जायची. त्यांना तरी काय बोलायचं? खिडकी नसलेल्या खोलीत तरणी माणसं कशाला राहतील?

मग त्यांचं लग्न ठरलं. या वयात. माणूस घाटाखाली पालीकडचा, बायको वारलेली, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. त्यांनी हे मला असं सांगितलं, जसं डिस्क बदलायची आहे हे सांगावं. "बरा हाय. बोलतो कमी. मोटार जळलीय का नुसती आडकलीय ते वासावर सांगतो." आणि मग पडद्याकडं बघत, "माझ्या घरी आला तवा माझा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा म्हणाला, हा कोण येवढा आजारी हाय?"

बर्वे साहेबांकडं सुट्टी मागायला गेल्या तेव्हा मी सोबत होते, बॅकअपच्या डिस्कचा खोका धरून. साहेब खूश झाले, अभिनंदन म्हणाले, पेढे मागितले. मग म्हणाले, "लॅपटॉप घेऊन जा ना शालनताई. मंगलाष्टकं झाली की एकदा बघून घ्यायचं फक्त."

"आणि सप्तपदीला काय, हॉटस्पॉट लावू?"

"चेष्टा नाही हो. तुमच्याशिवाय कोण आहे?"

"ही आहे." माझ्याकडं बोट.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या अंगावर लाँड्रीचा निळा एप्रन होता. ते वाईट बोलले नाहीत, नुसती पेनाची टोपी लावत राहिले. तेव्हा शालनताई जे बोलल्या ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "साहेब, शिकलेली मुलं पळून जातात. ही नाही पळणार. हिला जायला जागाच नाही."

शेवटी साहेबांनी अट घातली. लग्नाच्या आधीचा एक वीकेंड ताईंनी घरी राहायचं. तेवढ्यात त्यांना एकदाही बोलवावं लागलं नाही तर साहेब सुटकेच्या पत्रावर सही करणार, ताई कायमच्या मोकळ्या. बोलवावं लागलं तर लग्न करून त्यांनी इथंच राहायचं, नवरा पालीत, बायको कुसगावात, आणि दोघांच्या मध्ये घाट.

जिना उतरताना मी म्हणाले, "ताई, मला जायला जागा नाही असं कामून बोललात?"

"खोटं बोलले का?"

खाली आल्यावर दोन चहा त्यांनी स्वतः आणले.

तो वीकेंड. शुक्रवारी त्या आल्या नाहीत. त्यांचा स्वेटर खुर्चीवर होता, मी तो उचलून खुंटीला लावला आणि खुर्चीच्या कडेवर बसले. शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी पिंग केलं, जिवंत. दुपारी दोनच्या सुमाराला इंटरकॉम वाजला. "अनुसया, बिल सेव्ह होत नाहीये." मग दुसरा. मग रेस्टॉरंट. मग सगळेच.

मी हात मांडीवर घेतले. पडद्याला विचारलं, कुटं हाय गं? जिवंत आहे, म्हणाला. यादी मागवली. सगळे वाट बघत होते. मी झोपलेला शोधला, भजीवाला शोधला. कुणीच झोपलेलं नव्हतं. सगळे जागे, सगळे लिहायला हात उचलून उभे, आणि कुणाचाच हात खाली येत नव्हता. सर्व्हर जिवंत होता पण हलत नव्हता. अगदी माझ्यासारखा.

बर्वे साहेब स्वतः खाली आले. "काय चाललंय? बंद करून चालू करा ना!"

"नको साहेब."

"नको म्हणजे?"

"इतके जण अर्धवट लिहिताना बंद केलं तर काय उरेल ते मला माहीत नाही."

"मग काय माहीत आहे तुम्हाला? लावा फोन शालनताईंना."

मी फोनकडं पाहिलं. तो फोन लावला तर पाच मिनिटांत सुटलं असतं, हे मला माहीत होतं. मी सुटले असते. त्या अडकल्या असत्या. मी म्हणाले, "साहेब, थोडा वेळ द्या."

साहेबांनी स्वतःच्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडं म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. ताईंचे वडील, आबा.

"हॅलो, कोन?"

"मी रिसॉर्टमधून बर्वे बोलतोय. शालनताईंना द्या जरा."

"ती हितं न्हाई. फोन हितं ठिवून दरीकडं गेलीया."

"कुठे? किती वेळात येतील?"

"आता ते म्या कसं सांगू? धुकं हाय. तुमी या च्या प्यायला, तवर यील."

"आबा, अर्जंट आहे हो!"

"व्हय व्हय. तिचं लगीन बी अर्जंटच हाय की." आणि फोन ठेवला.

साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी पडद्याकडं वळले होते. धुकं हाय, हे आबांचं बोलणं कानात होतं. पुढचं दिसत नसेल तर पाऊल टाकायचं नाही, हाक द्यायची. हाक दिली, जिवंत आहे. पुढची हाक काय? रोज सकाळी ताई एक आज्ञा देऊन पुटपुटायच्या, "पोट तपासू." डिस्क किती भरलीय ते बघायची आज्ञा. मी ती लिहिली.

शंभर टक्के.

सर्व्हरचं पोट गच्च भरलं होतं. कणभर लिहायला जागा नव्हती, म्हणून सगळे हात उचलून उभे. पण कशानं भरलं? मी फायलींची यादी काढली. डम्पच्या फायली. रोज सगळा डेटाबेस एका फायलीत ओतून ठेवायचा, त्याला डम्प म्हणतात, बॅकअप. रोज एक, एकाखाली एक, रांगेनं बसलेल्या. आणि तेव्हा मला ताईंचा उजवा हात आठवला. दर शुक्रवारी डाव्या हातात चहा धरून, उजव्या हाताच्या बोटांनी, माझ्याशी दुसरंच काहीतरी बोलत त्या काहीतरी टाइप करायच्या. जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवायच्या; ती आज्ञा मी पडद्यावर कितीदा वाचली होती. मला त्यांनी हे कधी शिकवलं नव्हतं, कारण त्यांना ते काम वाटतच नव्हतं. आपण दार लोटून घेतो तसं. आणि या शुक्रवारी त्या आल्या नव्हत्या.

"पुसून टाका जुन्या," साहेब मागून म्हणाले. तेही वाकून बघत होते आता.

"पुसायचं नाही साहेब. हलवायचं."

सगळ्यात जुनी फाइल. नाव मोठ्यानं वाचलं. कुठून, कुठं, तेही मोठ्यानं वाचलं. साहेबांना म्हणाले, तुम्हीही वाचा. त्यांनी वाचलं, शाळेतल्या मुलासारखं. एंटर. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडं फाइल उतरली, आकार तोच. दुसरी. तिसरी. मी यादीकडं बघत होते. वाट बघणाऱ्यांपैकी एक नाहीसा झाला. मग चार. मग सगळी रांग अशी सुटली की मला वाचताही येईना. इंटरकॉम वाजला, "झालं चालू!"

साहेब खुर्ची नसल्यामुळं दाराशी पडलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसले. म्हणाले, "फोन मी लावला, तुम्ही नाही." आणि थोड्या वेळानं, "आणि ताईंना लागलाही नाही म्हणा."

सोमवारी शालनताई आल्या. मी सगळं सांगितलं. शुक्रवारच्या फायलींपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "ते म्या सांगितलंच न्हाई तुला?" मग जे बोलल्या त्यात थट्टा नव्हती. "पयल्या पयल्यांदा लय बरं वाटायचं गं. माझ्याबिगर पान हलत न्हाई. म्हणून सगळं बोटातच ठिवलं, कुणाला दिलंच न्हाई. मग कळलं, पानाबरूबर मी बी बांधली गेलीय." आणि लगेच, "दरीकडं कशाला गेलते माहीतंय? आबा म्हणाले, फोन घरात वाजला तर तू धरशील. तुझा हात हाय तो, त्याचा भरवसा न्हाई. जा लांब."

साहेबांनी सही केली.

मुहूर्त शनिवारचाच निघाला. लग्न कुरवंड्याच्या देवळात, आणि मी तळघरात, कारण शनिवार. आख्खी लाँड्री पाळीपाळीनं जाऊन जेवून आली. मला शकू मावशींनी डब्यातून बुंदी आणली. आपण ज्या बाईला सोडवलं तिच्या डोक्यावर अक्षता टाकायलाही आपल्याला जाता येऊ नये, असं वाटून मी तो घास गिळला.

चारच्या सुमाराला लाँड्रीच्या उतारावर गलका झाला. पालीला निघालेली गाडी त्यांनी रिसॉर्टच्या मागच्या गेटला थांबवायला लावली होती. शालनताई हिरव्या शालूत, मुंडावळ्या बांधलेल्या, बॉयलरच्या वाफेतून चालत आल्या आणि सर्व्हरच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबल्या. आत आल्या नाहीत. पडद्याकडं नजर टाकली नाही, जाणूनबुजून. शकू मावशी म्हणाल्या, आता आलीय तर ओटी भरायला नको? कुणीतरी किचनमधून तांदूळ आणले, नारळ आणला. खण कुठून आणायचा? मावशींनी नवा पांढरा टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला. "घाल. चोरीला गेला म्हणून मी सांगीन." किनवटच्या पोरीनं कुरवंड्याच्या नवरीची ओटी रिसॉर्टच्या टॉवेलानं भरली.

मी पाया पडले आणि म्हणाले, "ताई, हे कधी फेडू?"

"फेडायचं असंल तर माझ्यावानी बसू नको हितं. मी म्हणाले व्हते ना, तुला जायला जागा न्हाई? ते खोटं न्हवतं. आता हाय. पालीत हाय. आन किनवटला आईकडं जायचं असंल तर तिकडंबी जा. पर हितनं उठायला शिक."

इंटरकॉम वाजला. त्यांचा उजवा हात उचलला गेला, अगदी आपोआप. त्यांनी तो डाव्या हातानं पदराखाली घट्ट धरला. मी फोन घेतला. रिसेप्शनला कुठल्यातरी खोलीचं बिल दोनदा दिसत होतं. सांगून, बघून, फोन ठेवून वळले तर उंबरा रिकामा होता. धावत बाहेर आले. उतारावर त्या वर वर चालल्या होत्या, शालू एका हातानं उचलून, आणि मागं तो कमी बोलणारा माणूस त्यांची पिशवी घेऊन. वरून धुकं उतरत होतं. त्या वळतील असं मला वाटलं. वळल्या नाहीत. बरं झालं, वळल्या असत्या तर आणखी एखादी चूक काढली असती.

आता त्या खुर्चीवर मी बसते. स्वेटर माझा. भीती अजून आहे, फोन अजून वाजतो, आणि खोलीला खिडकी अजून नाही. पण गेटवरच्या शंकरभाऊंना मी बसवायला लागलेय. कुसगावच्या वरच्या ठाकरवाडीतले, पन्नाशीचे, माझ्याहून भित्रे. जोडलेल्यांची यादी त्यांना पहिल्याच दिवशी कळली. म्हणाले, "ह्ये तर आमी गेटवर रोज करतो. कोन, कुटनं आला, किती येळ झाला." मी त्यांना सगळं शिकवते, शुक्रवारच्या फायलींसकट, आणि लिहूनही देते. ताईंना हे आवडणार नाही, पण याबाबतीत मी त्यांचं ऐकलेलं नाही.

ज्या शनिवारी शंकरभाऊ एकटे बसतील, त्या शनिवारी मी घाट उतरून पालीला येईन, शालनताई. खरी खणा-नारळाची ओटी घेऊन येईन, आणि फोन इथंच, शंकरभाऊंच्या हाताशी ठेवून येईन.